पहिला दिवस कोणता? मेंदूतील अ‍ॅन्युरिझमच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका खेड्यात राहणाऱ्या ५२ वर्षांच्या शेतकरी महिलेचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तारखांऐवजी वार दिले आहेत आणि एकाही रुग्णालयाचे नाव घेतलेले नाही. बाईंना सहा वर्षांपासून उच्च रक्तदाब होता, पण गोळी त्या रोज न घेता चक्कर आल्यासारखे वाटले की घेत असत. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावण्याची सवय होती. थोरला भाऊ ४८ व्या वर्षी अचानक गेला होता. त्याच्या कागदावर मेंदूतील रक्तस्राव असे लिहिलेले होते, परंतु ही गोष्ट कोणत्याही डॉक्टरने पहिल्या आठवड्यात विचारली नाही आणि घरच्यांनाही ती सांगण्यासारखी वाटली नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास गोठ्यात वैरणीचा भारा उचलताना त्यांच्या डोक्यात एकाएकी कळ आली. "कुणीतरी मागून टाळक्यात घाव घातल्यागत झालं," असे त्यांनी पुढे शहरातल्या रुग्णालयात सांगितले. त्या तिथेच बसल्या, दोनदा उलटी झाली आणि तासाभरात मान अवघडली. घरच्यांनी पित्त समजून लिंबूपाणी दिले. नऊच्या सुमारास गावातल्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा रक्तदाब १७०/१०० होता. केस पेपरवर 'डोकेदुखी, उलट्या, आम्लपित्त' एवढीच नोंद झाली आणि वेदनाशामक इंजेक्शन दिल्यावर दुखणे निम्म्यावर आले.

मंगळवारी मान तशीच राहिल्याने मुलाने त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात नेले. तिथे दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे दुखणे सुरू झाल्यानंतर साधारण तीस तासांनी, डोक्याचा साधा सीटी स्कॅन झाला. अहवाल सामान्य आला. मायग्रेनच्या गोळ्या घेऊन बाई संध्याकाळी घरी परतल्या आणि बुधवारपासून पुन्हा चुलीपाशी बसू लागल्या.

समस्या

मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या फाट्यांवर भिंत कमकुवत होऊन जो फुगवटा तयार होतो, त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. शंभरातील सुमारे तीन प्रौढांमध्ये असा फुगवटा असतो आणि बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही. फुटला तर रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरते. या प्रकाराला सबअ‍ॅरॅक्नॉइड रक्तस्राव म्हणतात. रुग्ण बेशुद्धावस्थेत आला तर निदान सहसा चुकत नाही. चुकते ते अशाच रुग्णांत, जे चालत येतात, नीट बोलतात आणि इंजेक्शनने ज्यांना बरे वाटते. अमेरिकेतील एका केंद्राने २००४ मध्ये ४८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १२ टक्के रुग्णांचे पहिले निदान चुकलेले होते. सर्वाधिक वेळा ते मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी म्हणून गणले गेले होते आणि सीटी न काढणे ही सर्वांत सामान्य चूक होती. आपल्या रुग्णाचा सीटी निघाला होता, म्हणून हे प्रकरण त्याहून थोडे अवघड आहे.

या प्रकरणातल्या जवळजवळ प्रत्येक निर्णयामागे एखादे चांगले संशोधन उपलब्ध होते, आणि त्या प्रत्येक संशोधनाचे घड्याळ रक्तस्रावाच्या क्षणापासून सुरू होत होते. तो क्षण मात्र सहा दिवस एकाही कागदावर नव्हता.

पहिला निर्णय: सामान्य आलेला सीटी

कॅनडातील ११ रुग्णालयांत झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आता आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ असतो. अचानक डोकेदुखीच्या ३,१३२ रुग्णांपैकी ज्या ९५३ जणांचा स्कॅन सहा तासांच्या आत झाला, त्यांच्यातला एकही रक्तस्राव सीटीतून निसटला नाही. सहा तासांनंतर स्कॅन झालेल्यांत मात्र संवेदनशीलता ८५.७ टक्क्यांवर आली, म्हणजे रक्तस्राव झालेल्या सात रुग्णांपैकी साधारण एक जण सामान्य अहवाल घेऊन घरी जाऊ शकतो. कारण साधे आहे: मेंदूभोवतीचे पाणी सतत वाहते राहते आणि रक्त पातळ होत जाते.

या सहा तासांच्या नियमाला आणखी दोन अटी आहेत, ज्या आपल्याकडे फारशा सांगितल्या जात नाहीत. स्कॅन मेंदूच्या चित्रणाचा सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टने वाचलेला हवा, आणि रुग्णाला तीव्र रक्तक्षय नसावा, कारण सीटीवर ताजे रक्त पांढरे दिसते ते मुख्यतः त्यातील हिमोग्लोबिनमुळे. बाईंचे हिमोग्लोबिन ८.६ होते. ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांत हा आकडा पाहून कोणी दचकत नाही, आणि तालुक्याच्या रुग्णालयातही लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. पण स्कॅनच्या अहवालाशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही.

त्या दुपारी तीन मार्ग होते. पहिला, पाठीतले पाणी काढून तपासणे. रक्तपेशी फुटून पाण्याला येणारा पिवळसर रंग साधारण बारा तासांनंतर खात्रीने सापडतो आणि दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, त्यामुळे तिसावा तास या तपासणीसाठी योग्य होता. दुसरा, त्याच यंत्रावर शिरेतून डाय देऊन धमन्यांचे चित्र घेणे, म्हणजे सीटी अँजिओग्राफी करणे. तिसरा, घरी पाठवणे. फिजिशियनांनी पहिला मार्ग सुचवला होता, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. परंतु "पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो," अशी घरच्यांची ठाम समजूत होती. दिराने नकार दिला आणि बाईंना त्या वेळी बरेही वाटत होते. नकारानंतर दुसऱ्या मार्गाचा विचार झाला नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू हाच होता. नकार सुईला होता, तपासणीला नव्हता. सीटी अँजिओग्राफीत निरुपद्रवी फुगवटा योगायोगाने सापडण्याचा धोका असतो हे खरे, आणि म्हणून काही तज्ज्ञ पाण्याच्या तपासणीलाच प्राधान्य देतात. तरी सुईला नकार मिळाल्यावर ती नक्कीच घरी पाठवण्यापेक्षा बरी होती.

कॅनडातल्याच संशोधकांनी २०१३ मध्ये ओटावा नियम मांडला. तासाभरात शिगेला पोहोचलेल्या नव्या डोकेदुखीत वय ४० किंवा अधिक, मानेत दुखणे अथवा ताठरपणा, कोणासमोर शुद्ध हरपणे, श्रम करताना सुरुवात, क्षणात शिगेला गेलेली वेदना आणि मान पुढे वाकवता न येणे, यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी तपासणी पुढे न्यावी, असे तो सांगतो. नियमाची विशिष्टता, म्हणजे रक्तस्राव नसलेल्यांना बरोबर वगळण्याची क्षमता, अवघी १५ टक्के आहे, त्यामुळे त्यावर बोट ठेवून कोणालाही रक्तस्राव झाला असे म्हणता येत नाही. बाईंच्या बाबतीत मात्र सहापैकी किमान चार गोष्टी हजर होत्या. त्या कळण्यासाठी यंत्र लागत नव्हते. दुखणे सुरू झाले तेव्हा काय करत होतात आणि किती वेळात ते असह्य झाले, एवढे विचारावे लागत होते.

दुसरा निर्णय: पडलेली पापणी

शनिवारी सायंकाळी बाईंची डावी पापणी पूर्ण मिटली. घरात वारे लागल्याची चर्चा झाली आणि सुदैवाने, डोळ्याचे दुखणे म्हणून, त्यांना बाजारपेठेतल्या नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी बोटाने पापणी वर उचलली. बुबुळ बाहेर आणि किंचित खाली वळलेले होते, बाहुली मोठी झालेली होती आणि टॉर्चच्या उजेडाने ती हलत नव्हती. डोळा, पापणी आणि बाहुली यांची हालचाल सांभाळणारी तिसरी मेंदूतंत्रिका मधुमेहामुळे निकामी होते तेव्हा बाहुली बहुधा वाचते आणि उजेडाला प्रतिसाद देत राहते, आणि इथे बोटातून काढलेली साखरही १०४ होती. मेंदूच्या तळाशी असलेल्या पश्चसंयोजी धमनीवरचा फुगवटा या तंत्रिकेच्या अगदी लगत असतो आणि वाढला की तिला दाबतो. त्यांनी चष्म्याच्या नंबरच्या चिठ्ठीवरच लिहिले: 'डावी तिसरी तंत्रिका, बाहुली विस्फारित, प्रकाशाला प्रतिसाद नाही. अ‍ॅन्युरिझमची शक्यता. सीटी अँजिओ आजच, उद्या नाही.' खाली वेळ लिहिली, सात वाजून दहा मिनिटे. या सबंध प्रकरणातील घड्याळाची वेळ असलेला हा पहिला कागद.

त्याच रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी अँजिओग्राफी झाली. डाव्या पश्चसंयोजी धमनीच्या उगमाशी ७ मिलिमीटरचा फुगवटा दिसला. रविवारी पहाटे रुग्णवाहिकेतून बाई शहरातील मोठ्या रुग्णालयात पोहोचल्या.

तिसरा निर्णय: दिवस मोजायचे कुठून?

दाखल करताना कागदावर 'डावी पापणी पडणे, १ दिवस' असे लिहिले गेले आणि अतिदक्षता विभागाच्या तक्त्यावर आपोआप पहिला दिवस लागला. हे वरवर किरकोळ वाटते. मात्र मेंदूभोवती रक्त सांडल्यानंतर धमन्या आकसण्याचा काळ साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत असतो आणि त्यात मधले दिवस सर्वांत धोक्याचे. तक्त्यावर पहिला दिवस असेल तर रात्रपाळीचा कर्मचारी त्या काळाची तयारी तीन दिवसांनी करतो.

निवासी डॉक्टरांनी सुनेला पहिली कळ कधी आली ते विचारले. सोमवार की मंगळवार, हे तिला नक्की आठवेना. मुलगा म्हणत होता मंगळवार. अखेर सुनेने डेअरीचे पासबुक काढायला लावले. सासूबाई स्वतः दूध घालायला जात आणि त्या सकाळी कोणीच गेले नव्हते. सोमवार सकाळचा रकाना रिकामा होता. मुलाने पिशवीत आणलेल्या मंगळवारच्या सीटीच्या फिल्मही पुन्हा पाहिल्या गेल्या. न्यूरोरेडिओलॉजिस्टना डाव्या बाजूच्या सिल्व्हियन घडीत, म्हणजे मेंदूच्या कडेच्या खोल भेगेत, फिकट करडा पट्टा दिसला, जिथे एरवी काळे पाणी दिसायला हवे. रविवारच्या स्कॅनमध्ये नवे रक्त नव्हते. शनिवारी फुगवटा वाढला असावा, पण फुटला होता तो सोमवारीच, यावर एकमत झाले आणि तो सोमवार शून्य दिवस धरून तक्ता 'सहावा दिवस' असा दुरुस्त करण्यात आला.

चौथा निर्णय: क्लिप, कॉइल की थांबणे

फुटलेला फुगवटा बंद केला नाही तर पुन्हा फुटू शकतो आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक घातक असतो, म्हणून थांबण्याचा पर्याय लवकरच बाजूला पडला. खरी चर्चा कवटी उघडून फुगवट्याच्या मानेवर क्लिप लावणे आणि मांडीतल्या धमनीतून नळी नेऊन प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे (कॉइल) आत भरणे, या दोहोंत झाली.

या प्रश्नावरची सर्वांत मोठी चाचणी म्हणजे मुख्यतः ब्रिटन व युरोपातील केंद्रांत झालेली आयसॅट. त्यात २,१४३ रुग्ण होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर मृत्यू किंवा परावलंबन कॉइलच्या गटात २३.७ टक्के आणि क्लिपच्या गटात ३०.६ टक्के होते. मात्र या चाचणीत तेच रुग्ण घेतले गेले ज्यांच्यावर दोन्ही उपचार सारखेच योग्य ठरतील असे डॉक्टरांना वाटत होते, आणि त्यासाठी नऊ हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले होते. पुढील वर्षांत कॉइल केलेल्या फुगवट्यातून पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण, एकूण कमी असले तरी, क्लिपपेक्षा किंचित जास्त आढळले.

क्लिपच्या बाजूने दोन मुद्दे होते. दाबल्या गेलेल्या तिसऱ्या तंत्रिकेची सुधारणा क्लिपनंतर अधिक चांगली होते, असा अनेक शल्यचिकित्सकांचा अनुभव आहे आणि काही एकत्रित विश्लेषणेही त्या बाजूला झुकतात. दुसरा मुद्दा मुलाचा होता. कॉइलनंतर पुन्हा पुन्हा अँजिओग्राफी करावी लागते हे ऐकल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, एकदाच काय ते डोकं उघडून पक्कं करा. दर सहा महिन्यांनी आईला घेऊन येणं आम्हाला झेपणार नाही." हा अडाणीपणा नव्हता, मजुरी बुडणे, गाडीभाडे आणि मुक्काम यांचा तो हिशेब होता. कॉइल किती लागतील हे आधी सांगता येत नाही आणि सरकारी आरोग्य योजनेची पूर्वमंजुरी येईपर्यंत तोही घोर कुटुंबाला होता.

पारडे फिरले ते दिवसांच्या मोजणीने. १९८० ते १९८३ दरम्यान १४ देशांतील ३,५२१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शस्त्रक्रियेच्या वेळेसंबंधीच्या अभ्यासात सातव्या ते दहाव्या दिवसांतील नियोजित शस्त्रक्रियांचे निकाल सर्वांत वाईट आढळले होते, कारण आकसलेल्या धमन्या आणि सुजलेला मेंदू हाताळणी सहन करत नाही. तंत्र तेव्हापासून खूप सुधारले आहे, तरी सूचना तीच राहते. जुन्या तक्त्याप्रमाणे सोमवार हा दुसरा दिवस ठरला असता आणि कवटी उघडण्यास कोणाची हरकत नसती. दुरुस्त तक्त्याप्रमाणे तो सातवा होता. फुगवट्याची मानही अरुंद होती. सोमवारी दुपारी पाच कॉइल घालून फुगवटा बंद करण्यात आला.

पाचवा निर्णय: निमोडिपिन आणि नववा दिवस

धमनी-आकुंचनाच्या दुष्परिणामांवर गेल्या काही दशकांत खूप औषधे अजमावली गेली. मॅग्नेशियमची १,२०४ रुग्णांवरील चाचणी २०१२ मध्ये आणि सिम्व्हास्टॅटिनची ८०३ रुग्णांवरील चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत लाभ दिसला नाही. क्लाझोसेंटानने धमन्यांचे आकुंचन कमी झाले, पण मोठ्या चाचणीत रुग्णांची अंतिम अवस्था त्यामुळे सुधारली नाही, आणि ही विसंगती संशोधकांना आजही छळते. टिकून राहिले ते निमोडिपिन. १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत ५५४ रुग्णांना दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम असे २१ दिवस औषध किंवा तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली; मेंदूचा भाग मरण्याचे प्रमाण ३३ वरून २२ टक्क्यांवर आले.

त्या चाचणीतल्या रुग्णांचे औषध रक्तस्रावानंतर ९६ तासांच्या आत सुरू झाले होते. आपल्या रुग्णाचे सुरू झाले सहाव्या दिवशी. संशोधनाचा आधार इथे थोडा ताणला गेला, हे उपचार करणाऱ्या चमूने नोंदीत स्पष्ट लिहिले आणि धोक्याचा काळ अजून पुढे असल्याने औषध द्यायचे ठरवले. पहिल्या दोन मात्रांनंतर वरचा रक्तदाब ९६ पर्यंत उतरला. तेव्हा मात्रा तोडून दर दोन तासांनी ३० मिलिग्रॅम करण्यात आली. परिचारिकांचे काम दुप्पट झाले, रक्तदाब मात्र सावरला.

बुधवारी, नवव्या दिवशी, सकाळच्या पाळीच्या परिचारिकेने विचारले, "मावशी, काय हवंय?" बाईंना पाणी हवे होते, त्या पेल्याकडे पाहत "ते... ते पातेलं" म्हणाल्या आणि उजव्या हातातून पेला निसटला. तक्त्यावर नववा दिवस असल्याने दोन तासांनी तपासणी ठरलेली होती, आणि तिने थकवा समजून सोडून न देता लगेच हाक मारली. सीटीत नवा रक्तस्राव किंवा मेंदूत पाणी साचल्याचे चिन्ह नव्हते. डाव्या मध्य मेंदू-धमनीचा व्यास घटलेला होता. आकसलेल्या धमनीतून रक्त पुढे जावे म्हणून, आणि फुगवटा बंद झालेला असल्याने, नॉरअ‍ॅड्रेनलिन देऊन रक्तदाब १८० च्या आसपास नेण्याची मुभा होती. या उपायालाही चाचणीचा भक्कम आधार नाही: तो तपासणारी एक चाचणी ४१ रुग्णांनंतरच थांबवावी लागली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लाभ सिद्ध झाला नाही. तरीही मार्गदर्शक तत्त्वांत तो आहे, कारण खाटेपाशी त्याचा परिणाम काही तासांत दिसू शकतो. संध्याकाळपर्यंत हाताची पकड परतली. शब्द सापडायला आणखी दोन दिवस लागले.

परिणाम

सतराव्या दिवशी बाई घरी गेल्या. निमोडिपिन एकविसाव्या दिवसापर्यंत द्यायचे होते आणि तालुक्याच्या औषध दुकानांत ते मिळत नाही असे फोनवर कळल्याने उरलेल्या चार दिवसांच्या गोळ्या, दिवसाला बारा याप्रमाणे, सोबत दिल्या गेल्या. तोवर रक्तदाब स्थिर झाल्याने मात्रा पुन्हा चार तासांची करता आली. सुनेने मोबाईलवर सहा गजर लावले.

तीन महिन्यांनी पापणी जवळजवळ पूर्ण उघडत होती, बाहुली किंचित मोठी राहिली होती. चालणे, जेवणे, स्वतःचे आवरणे यांत अडचण नव्हती. पण दुपारी येणारा गळाठा, गर्दीत होणारा त्रास आणि डेअरीचा हिशेब चुकणे या तक्रारी कायम होत्या. अशा रुग्णांचे वर्णन कागदावर 'उत्तम सुधारणा' असे होते. घरातल्या माणसांना ते तितकेसे पटत नाही. मशेरी सुटली, रक्तदाबाची गोळी रोजची झाली. सहा महिन्यांनंतरची तपासणी मुलाच्या अडचणीचा विचार करून एमआर अँजिओग्राफीने जिल्ह्याच्याच ठिकाणी करण्यात आली. फुगवटा बंद होता.

काय वेगळे करता आले असते

तालुक्याच्या अहवालात 'सामान्य' या एका शब्दाऐवजी 'लक्षणांनंतर तीस तासांनी केलेला स्कॅन, हिमोग्लोबिन ८.६, सूक्ष्म रक्तस्राव वगळता येत नाही' असे लिहिले असते, तर फिजिशियनांच्या हातात घरच्यांना पटवण्यासाठी काहीतरी राहिले असते. त्यासाठी स्कॅनच्या मागणीपत्रावर लक्षणांची वेळ लिहिलेली हवी. ती नसेल तर रेडिओलॉजिस्टला दोष देण्यात अर्थ नाही. गावातल्या डॉक्टरांकडे सीटी नव्हता. परंतु 'पहाटे साडेपाच, भारा उचलताना, एकदम' हे पाच शब्द केस पेपरवर असते तर सोमवारी सकाळी सहा तासांची खिडकी अजून उघडी होती.

कौटुंबिक इतिहासाचा प्रश्न उशिरा का होईना, विचारला गेला. भाऊ आणि बहीण असे दोन सख्खे नातेवाईक बाधित असल्याने उरलेल्या भावंडांची तपासणी सुचवण्यात आली. धाकट्या बहिणीच्या मध्य मेंदू-धमनीवर ३ मिलिमीटरचा न फुटलेला फुगवटा आढळला. न फुटलेला फुगवटा फुटण्याचा धोका मोजणाऱ्या फेजेस गुणांकनानुसार, तिचा उच्च रक्तदाब धरून, तीन गुण होतात आणि पाच वर्षांत फुटण्याचा धोका ०.७ टक्के येतो. पण ते गुणांकन ज्या सहा अभ्यासगटांवर उभे आहे ते उत्तर अमेरिका, युरोप आणि जपानमधले आहेत, आणि त्यात कौटुंबिक इतिहासाला गुणच नाहीत. हा आकडा तिला जसाच्या तसा सांगावा की नाही, यावर चमूत बरीच चर्चा झाली. शेवटी आकडाही सांगितला आणि त्याच्या मर्यादाही. तिने शस्त्रक्रिया न करता रक्तदाब आवरून वर्षाने पुन्हा एमआर अँजिओग्राफी करायचे ठरवले, आणि अचानक डोके दुखले तर वेळ पाहून ती लिहून ठेवायला मुलीला सांगितले.